नाव नको, काय येतं ते विचारा

संगणकावरचा एज ब्राउझर एखाद्या वेबसाइटकडे पान मागतो तेव्हा त्या मागणीसोबत स्वतःची ओळख सांगणारी एक ओळ पाठवतो. त्या ओळीत आधी मोझिला हे नाव येतं, मग ॲपलवेबकिट, मग केएचटीएमएल, मग ‘गेकोसारखा’ असा शेरा, मग क्रोम, मग सफारी आणि अगदी शेवटी, तेही एक अक्षर गाळून, एज. बाकीची नावं त्याच्या पूर्वजांची आणि प्रतिस्पर्ध्यांची. ऑनलाइन अर्ज एका ब्राउझरमध्ये सुरळीत भरता येतो आणि दुसऱ्यात अडून बसतो, या रोजच्या त्रासाची बरीचशी कहाणी या एका ओळीत आहे.

१९९४ साली नेटस्केप हा ब्राउझर आला. कंपनीत त्याचं टोपणनाव मोझिला होतं आणि ओळखीच्या ओळीतही तेच जायचं. त्या काळातल्या इतर ब्राउझरांना न येणाऱ्या काही गोष्टी त्याला येऊ लागल्या. एकाच खिडकीचे भाग पाडून प्रत्येकात वेगळं पान दाखवणाऱ्या फ्रेम्स, ही त्यातली एक. मग वेबसाइट बनवणाऱ्यांनी सर्व्हरवर अट घातली : मोझिला आला तर नटवलेलं पान द्या, दुसरा कोणी आला तर साधं. मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर मैदानात उतरला तेव्हा या अटीमुळे त्याच्याही वाट्याला साधं पान आलं असतं. म्हणून त्यानेही स्वतःचं नाव मोझिला सांगायला सुरुवात केली आणि पुढे ‘कंपॅटिबल’ हा शब्द जोडला. २००३ मध्ये सफारी आला, २००८ मध्ये क्रोम आला. प्रत्येकाने आधीच्यांची नावं आपल्या नावामागे लावली. यात फसवणुकीचा हेतू नव्हता. वेबसाइटी नाव बघून भेदभाव करत होत्या आणि आपल्या वापरकर्त्याला चांगलं पान मिळावं, एवढीच ब्राउझरांची धडपड होती.

नाव आणि आवृत्तीवर भरवसा ठेवल्याने पुढेही वेळोवेळी घोळ झाले. २००९ मध्ये ऑपेराची दहावी आवृत्ती निघाली. कित्येक वेबसाइटी आवृत्तीचा फक्त पहिला अंक वाचत, त्यामुळे दहावी आवृत्ती त्यांना पहिली वाटे. शेवटी ऑपेराने आपली आवृत्ती कायमची ९.८० अशीच सांगायची ठरवली आणि खरा आकडा ओळीच्या टोकाला नेला. २०२२ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स यांनी शंभरी गाठली तेव्हा दोन अंकांपलीकडे न वाचणाऱ्या साइटींचं काय होणार, या काळजीने दोन्ही कंपन्यांनी आधीपासून चाचण्या घेतल्या. पुढच्याच वर्षी फायरफॉक्सपुढे आणखी एक पेच आला. एक्सप्लोररची अकरावी आवृत्ती ओळखण्यासाठी अनेक ठिकाणी ‘आरव्ही ११’ एवढी अक्षरं शोधली जात. फायरफॉक्स ११० च्या ओळीत नेमकी तीच अक्षरं येणार होती. म्हणून ११० पासून ११९ पर्यंतच्या दहा आवृत्त्या त्या जागी १०९ हाच आकडा सांगत राहिल्या.

मग विचारायचं काय? ब्राउझरला काय येतं ते विचारायचं. कॅमेरा लागणार असेल तर कॅमेऱ्याची सोय आहे का बघा. ठिकाण लागणार असेल तर ठिकाण सांगण्याची सोय आहे का बघा. असेल तर वापरा, नसेल तर माणसाला दुसरा रस्ता द्या : फोटो अपलोड करू द्या, गावाचं नाव टाइप करू द्या. जावास्क्रिप्टमध्ये अशी चौकशी करायला एक-दोन ओळी पुरतात. ज्याचं नावही प्रोग्रामरने ऐकलेलं नाही, असा उद्या येणारा ब्राउझरसुद्धा त्या दोन ओळींच्या परीक्षेत पास होऊ शकतो. नावांची यादी मात्र लिहिल्या दिवसापासून जुनी होत जाते.

यासाठी वेबच्या तीन भाषांचा स्वभाव माहीत हवा. एचटीएमएल सोशिक आहे. त्यात अनोळखी खूण आली तर ब्राउझर ती खूण सोडून देतो आणि आतला मजकूर दाखवतो. सीएसएस म्हणजे रंगरूपाची भाषा, तीही तशीच. न कळलेला नियम गाळून ती पुढे जाते, फार तर एखादी चौकट वाकडी दिसते. जावास्क्रिप्टचं तसं नाही. तिच्या व्याकरणात न बसणारं एखादं चिन्ह जरी आलं तरी ब्राउझर ती अख्खी फाइल नाकारतो. आजकाल संपूर्ण अर्जाचा प्रोग्राम एकाच मोठ्या फाइलमध्ये बांधून पाठवण्याची पद्धत आहे. म्हणजे कुठल्यातरी कोपऱ्यातल्या एका चिन्हापायी सगळं पान पांढरं फटक!

एक उदाहरण जवळून पाहू. रक्कम १२,३४,५६७ अशी लाख-कोटींच्या स्वल्पविरामांसह दाखवायची आहे. प्रोग्रामर अक्षरांचे साचे शोधण्याचं तयार सूत्र कुठूनतरी उचलतो. दशांशचिन्हानंतरच्या अंकांमध्ये स्वल्पविराम पडू नयेत म्हणून त्या सूत्रात ‘मागे काय आहे ते बघ’ अशी एक खूण असते. क्रोमला ही खूण २०१७ पासून कळते. सफारीला ती कळायला मार्च २०२३ मधली १६.४ ही आवृत्ती यावी लागली. मधली पाच वर्षं ती खूण वापरणारा अर्ज अँड्रॉइडवर झकास चालायचा आणि आयफोनवर उघडायचाच नाही. बनवणाऱ्याच्या टेबलावर अँड्रॉइड फोन आणि क्रोम, त्यामुळे ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे त्याचं उत्तर अगदी खरं असायचं. आयफोन ७ सारख्या फोनांना आयओएस १५ च्या पुढचं अपडेट मिळतच नाही, तेव्हा त्यांच्यावर ही अडचण आजही तशीच आहे. त्या फोनवर सफारीऐवजी क्रोम टाकूनही उपयोग होत नाही, कारण आयफोनवरचा क्रोम वरून क्रोम असला तरी पान रंगवण्याचं काम ॲपलच्याच वेबकिट इंजिनाकडून करून घेतो. ॲपलने दुसऱ्या इंजिनांना वाट मोकळी केली ती २०२४ मध्ये, युरोपीय संघाच्या कायद्यामुळे आणि त्या वेळी फक्त त्याच देशांपुरती.

यावरचा उपाय अगदी सोपा आहे. आकडे भारतीय पद्धतीने लिहिण्याची सोय ब्राउझरमध्ये तयारच असते. तिला ‘भारतातली इंग्रजी’ असं सांगितलं की लाख-कोटींचे स्वल्पविराम आपोआप पडतात, सूत्राची गरजच उरत नाही. ‘भारतातली मराठी’ सांगितलं तर अंकही देवनागरीत येतात. इथे मात्र जपायला हवं. दाखवलेली देवनागरी रक्कम परत वाचून हिशेबाला घेतली तर जावास्क्रिप्ट तिला संख्या मानत नाही. दाखवायचा आकडा आणि हिशेबाचा आकडा पहिल्यापासून वेगळे ठेवावेत.

एका ब्राउझरवर अख्खा देश विसंबला तर काय होतं, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण दक्षिण कोरियाचं आहे. १९९०च्या दशकात मजबूत सांकेतिकीकरण परदेशी पाठवायला अमेरिकेची बंदी होती. बाहेरच्या देशांना मिळणाऱ्या ब्राउझरांत ४० बिटांची कमकुवत किल्ली असे. बँकव्यवहार तेवढ्यावर सोडणं धोक्याचं होतं. कोरियाने १९९८ मध्ये स्वतःची १२८ बिटांची ‘सीड’ ही पद्धत तयार केली. ब्राउझरला ती येत नव्हती, म्हणून ॲक्टिव्हएक्स या मायक्रोसॉफ्टच्या जोडणीतून ती संगणकावर बसवली जाऊ लागली. ॲक्टिव्हएक्स फक्त विंडोजवर, फक्त एक्सप्लोररमध्ये चाले. त्यावर बँकेचं प्रमाणपत्र, कीबोर्डचं संरक्षण, सरकारी दाखले असं एकेक रचत गेलं. २००० साली अमेरिकेने नियम सैल केले आणि मूळ कारण संपलं, पण तोवर कायदा, बँका आणि दुकानं यांची घडी त्यावरच बसली होती. मॅक किंवा लिनक्स वापरणाऱ्याला ऑनलाइन खरेदीसाठी विंडोजचा संगणक शोधावा लागे. २०१४ मध्ये एका लोकप्रिय कोरियन मालिकेच्या नायिकेचा कोट चीनमधल्या चाहत्यांना कोरियन दुकानांतून विकत घेता येत नाही, हा विषय थेट राष्ट्राध्यक्षांच्या बैठकीत निघाला. सरकारमान्य प्रमाणपत्राची मक्तेदारी कायद्याने संपली ती डिसेंबर २०२० मध्ये. १९९८ मध्ये घेतलेला निर्णय मला चूक वाटत नाही. सुरक्षेची त्यांची गरज खरी होती. पण सोय एका कंपनीच्या एका जोडणीत कोंडली गेली आणि ती सोडवायला दोन दशकं गेली.

दक्षिण आफ्रिकेच्या करखात्याने याहून वेगळा मार्ग काढला. २०२० च्या अखेरीस ॲडोबीने ब्राउझरमधली फ्लॅश ही जोडणी बंद केली, तेव्हा त्या खात्याचे काही कर-फॉर्म अजून फ्लॅशमध्येच होते. जानेवारी २०२१ मध्ये खात्याने फ्लॅश चालू ठेवणारा स्वतःचा खास ब्राउझर लोकांना दिला. काम निभावलं, पण जो धोका ओळखून सगळ्या जगाने फ्लॅश काढलं, तो करदात्यांच्या संगणकावर परत बसला.

आपल्याकडे हा प्रश्न डिजिटल सही करणाऱ्यांना चांगला ठाऊक आहे. पूर्वी ई-टेंडर भरायचं तर जावाची ठरावीक आवृत्ती, एक्सप्लोरर आणि यूएसबीला लावायचं सहीचं टोकन, अशी सगळी जुळणी लागे. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये जावा ब्राउझरमध्ये चालवणाऱ्या जोडणीचा आधार काढून घेतला. कारण रास्त होतं : अशा जोडणीतून पानातला प्रोग्राम संगणकात खोलवर हात घालू शकत असे. मग टोकनपर्यंत पोचायचं कसं? जीएसटी पोर्टलवर त्यासाठी एमसाइनर नावाचा छोटा प्रोग्राम संगणकावर वेगळा बसवतात. पोर्टलचं पान त्याच संगणकावरच्या त्या प्रोग्रामशी बोलतं, तो टोकनकडून सही घेतो आणि पानाकडे देतो. ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही, एमसाइनर पुन्हा सुरू करा’ अशा अर्थाचा संदेश आला की बहुतेक जण पोर्टल बंद पडलं असं समजतात. पुष्कळदा पोर्टल शाबूत असतं. एक तर तो प्रोग्राम चालू नसतो किंवा त्याचा पोर्ट दुसऱ्या कुणी अडवलेला असतो. तिसरी शक्यता अशी, की आपल्याच संगणकाच्या पत्त्यावरचं सुरक्षा-प्रमाणपत्र ब्राउझरने मान्य केलेलं नसतं. तो स्थानिक पत्ता एकदा उघडून प्रमाणपत्राला मान्यता दिली की सही उमटते. हा पत्ता पोर्टलच्या अधिकृत मदतीतूनच घ्यावा. वाटेल त्या पानावर ‘धोका पत्करून पुढे जा’ दाबायची सवय लावून घेऊ नये.

मराठी वाचकांनी तर ब्राउझरभेद त्याच्याही आधी सोसला आहे. २००० च्या आसपास इंटरनेटवर आलेल्या मराठी वृत्तपत्रांचा प्रत्येकाचा फाँट निराळा होता. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत आणि तो फाँट पानासोबत उतरवून घ्यावा लागे. एक्सप्लोररसाठी फाइलचा एक प्रकार, नेटस्केपसाठी दुसरा. तिसराच ब्राउझर असेल तर अग्रलेखाच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग. फायरफॉक्सवर ‘पद्म’ नावाची जोडणी होती, ती असा मजकूर ओळखून युनिकोडमध्ये बदलून दाखवी. युनिकोड रुळल्यावर हा प्रश्न मुळातून सुटला, कारण मजकुराचा अर्थ फाँटवर किंवा ब्राउझरवर अवलंबून राहिला नाही. एका मान्य संहितेवर सगळे आले की केवढं ओझं उतरतं, हे आपल्या भाषेने स्वतः अनुभवलेलं आहे.

तरी नावाशिवाय चालतच नाही असे प्रसंगही येतात, तेही सांगायला हवं. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोमच्या ८० व्या आवृत्तीने कुकीचा नियम बदलला. कुकी म्हणजे तुम्ही लॉगिन केलं आहे याची साइटने ब्राउझरपाशी ठेवलेली खूण. नव्या नियमाने, दुसऱ्या साइटवरून माहिती घेऊन परत येताना ही खूण सोबत द्यायची नाही, असं ठरलं. ऑनलाइन पैसे भरताना तुम्ही बँकेच्या पानावर जाता, ओटीपी टाकता आणि मूळ साइटवर परत येता. नेमक्या त्या वाटेवर खूण गळू लागली. पैसे गेले आणि समोर पुन्हा लॉगिनचं पान! गूगलने नुकत्याच तयार झालेल्या, दोन मिनिटांच्या आतल्या कुकींना सूट दिली, पण लॉगिन करून फॉर्म भरायलाच माणसाला त्याहून जास्त वेळ लागतो. कोरोनाच्या सुरुवातीला, एप्रिलमध्ये, हा बदल तात्पुरता मागे घेतला गेला आणि जुलैत पुन्हा लागू झाला. उपाय ठरलेला होता : अशा कुकीवर ‘बंधन नाही, पण फक्त सुरक्षित जोडणीवर’ अशी चिठ्ठी लावायची. ती लावल्यावर आयओएस १२ वरचा सफारी रुसला. त्यात एक दोष होता. ‘बंधन नाही’ या चिठ्ठीचा अर्थ तो ‘कडक बंधन’ असा घ्यायचा. एकाला बरं केलं तर दुसरा आजारी, अशी गत झाली. कुकी सर्व्हर देतो आणि समोरच्या ब्राउझरमध्ये हा दोष आहे का, हे सर्व्हरला विचारून कळत नाही. त्यामुळे इथे नाव-आवृत्ती पाहावी लागली, किंवा एक चिठ्ठीसह आणि एक चिठ्ठीशिवाय अशा दोन कुकी पाठवून जी परत येईल ती मानावी लागली. मला दुसरी वाट जास्त पटते. तिला कुठल्याही नावाची यादी सांभाळावी लागत नाही.

आता मुदतीच्या आदल्या रात्री फॉर्म अडकलेल्या माणसाने काय करावं? आधी तेच पान खासगी खिडकीत उघडून बघावं. तिथे जुन्या कुकी, साठवलेल्या फाइली आणि बहुतेक जोडण्या नसतात. तिथे चाललं तर दोष साठ्यात किंवा एखाद्या जोडणीत आहे. त्या एका साइटचा साठा पुसला तरी भागतं, सगळा इतिहास उडवायची गरज नाही. तिथेही अडलं तर ब्राउझर बदलावा, पण इंजिन बदलेल असा. संगणकावरचे क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा हे सगळे आज क्रोमियमवर उभे आहेत. एकाकडून दुसऱ्याकडे गेल्याने फारसं हाती लागत नाही. फायरफॉक्स किंवा सफारीकडे गेल्यावर खरा फरक कळतो. पावती नव्या खिडकीत उघडणार असेल तर पॉप-अपवरची बंदी त्या साइटपुरती उठवावी. एखाद्या कार्यालयाचा जुना अर्ज एक्सप्लोररशिवाय उघडतच नसेल, तर एजमधला आयई मोड हा अधिकृत मार्ग आहे. एक्सप्लोररच्या अकराव्या आवृत्तीचा आधार १५ जून २०२२ ला संपला, तरी हा मोड निदान २०२९ पर्यंत ठेवू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. कार्यालयांनी ती मुदत अर्ज नव्याने लिहून घेण्यासाठी वापरावी.

अर्ज बनवणाऱ्यांच्या हाती पॉलिफिल नावाचं साधन असतं : ब्राउझरला न येणारी गोष्ट जावास्क्रिप्टमध्ये लिहून त्याला पुरवायची. ती लिहिताना ‘आधीपासून येत असेल तर हात लावू नकोस’ ही अट हवीच, आणि फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवावी. जगभरच्या एक लाखाहून जास्त साइटी असे तुकडे पॉलिफिल डॉट आयओ या एकाच पत्त्यावरून घेत होत्या. २०२४ च्या सुरुवातीला ते डोमेन दुसऱ्या कंपनीकडे गेलं आणि जूनमध्ये असं उघड झालं, की तिथून येणाऱ्या फाइलींमधून लोकांना भलत्याच साइटींकडे वळवलं जात होतं. त्यातल्या बऱ्याच साइटींना त्या तुकड्यांची गरज कधीच संपली होती. काढायचं राहून गेलं होतं.

ब्राउझर बनवणारेही हा भार मुकाट्याने वाहतात. २०१८ मध्ये जावास्क्रिप्टच्या याद्या सपाट करणाऱ्या नव्या सोयीला ‘फ्लॅटन’ हे नाव ठरलं होतं. मूटूल्स या तयार प्रोग्राम-तुकड्यांच्या जुन्या संग्रहाने त्याच नावाची आपली सोय आधीच केलेली होती आणि नवं नाव आलं तर मूटूल्स वापरणाऱ्या जुन्या साइटी मोडल्या असत्या. कुणी सांभाळत नसलेल्या त्या साइटींसाठी भाषेच्या मानकातलं नाव बदलून ‘फ्लॅट’ केलं गेलं. २०२२ पासून ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि फायरफॉक्स बनवणारी मोझिला दरवर्षी ‘इंटरॉप’ या नावाने एकत्र बसतात. कुठल्या बाबतीत ब्राउझर एकमेकांशी जुळत नाहीत याची यादी ठरवतात आणि सामायिक चाचण्यांवर प्रत्येकाचे गुण जाहीर करतात.

उरलेलं काम तक्रारीवर अवलंबून असतं. ‘साइट चालत नाही’ एवढ्यावर कुणालाच काही करता येत नाही. फोन किंवा संगणक कोणता, ब्राउझरची आवृत्ती कोणती, कुठल्या बटणानंतर काय झालं, दुसऱ्या इंजिनात काय झालं, एवढं लिहावं. संगणकावर एफ-१२ दाबून कन्सोल उघडला की लाल अक्षरांत चुका दिसतात. त्यातल्या पहिल्या ओळीचा फोटो जोडावा, कारण पुढच्या चुका बहुधा तिच्यातूनच आलेल्या असतात. फोटो पाठवण्याआधी त्यात आधार किंवा खाते क्रमांक दिसत नाही ना, हे पाहावं. फायरफॉक्सच्या मेनूत मोडलेल्या साइटची तक्रार करायची सोय आहे. मोझिलाचे लोक त्यातल्या निवडक साइटींसाठी ब्राउझरमध्येच दुरुस्तीचं ठिगळ घालतात आणि साइटच्या मालकाशीही संपर्क साधतात. पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट’, अपूर्णविराम आणि ‘कॉम्पॅट’ असं इंग्रजीत लिहिलं की आजघडीला कुठल्या साइटींना अशी ठिगळं लावली आहेत त्यांची यादी दिसते आणि प्रत्येक ठिगळ तिथून चालू-बंदही करता येतं. मालकाने मूळ दोष काढला की ते ठिगळ पुढच्या एखाद्या आवृत्तीत काढून टाकतात.